कोपराचा शेक

ट्रोट्रोतून, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीतून, उतरताना फ्रेमाचा पाय पायरीवरून घसरला. डोक्यावर कांद्यांची टोपली होती. ती सावरायच्या नादात सगळा भार उजव्या हातावर आला आणि कोपर निखळलं. गावच्या हाडवैद्याने ते नीट बसवलं. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. बिघडलं ते त्यानंतर.

त्यानंतरचं सगळं डुफियेने अंगावर घेतलं. डुफिये म्हणजे फ्रेमाच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला की त्याच्या माणसांशी बाईचं नातं सुटत जातं, आणि फ्रेमाला तर मूलबाळही नव्हतं. नवऱ्याला, ओपोंगला, पुरल्यानंतर डुफियेची भेट बाजारातच व्हायची. पण हाताचं कळलं तशी ती संध्याकाळी गरम पाण्याचं भांडं आणि शियाच्या बियांचं लोणी घेऊन दारात हजर झाली, आणि रोज येऊ लागली.

आधी कढत फडक्याचा शेक, मग लोणी लावून अंगठ्याने रगडणं. दंडाची बेटकुळी, तिच्या खालचा मऊ भाग, कोपराचा खळगा, मागचं टोक. काही सोडायची नाही. रगडून झालं की मनगट धरून हात जोराने वाकवायची. फ्रेमाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"ओरड की," डुफिये म्हणायची. "माझा भाऊ तुला एवढी वर्षं कसा सोसत होता कोण जाणे. साधं ओरडताही येत नाही बाईला."

आणि दोघी हसायच्या. दिवसभरात फ्रेमाच्या घरात तेवढंच काय ते हसणं. मग डुफिये बाजारातल्या बायकांची उणीदुणी काढत बसायची, आणि काळोख पडायच्या आत निघायची.

हात मात्र घट्ट होत चालला होता. आधी हनुवटीपर्यंत यायचा, मग गळ्यापर्यंत, मग छातीशीच अडायला लागला. चार बायका एका भांड्यातून फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा गोळा, खायला बसल्या की त्यात डावा हात घालता येत नाही. कोणी काही बोललं नसतं. पण फ्रेमाला स्वतःलाच घास गिळवला नसता. मयताच्या घरीसुद्धा ती डाव्या हाताची माफी मागून लोकांना भेटायची आणि जेवण वाढायच्या आधी निघायची. घरी रस्त्याकडे पाठ करून डाव्या हाताने चमच्याने जेवायची. पुन्हा भांड्याशी बसता यावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटी ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या अन्सोंग नावाच्या माणसाने तिच्या हाताचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. कोपराच्या पुढे एक पांढुरकं ढगासारखं दिसत होतं. त्याने आपली बाही वर करून स्वतःच्या दंडावर दाखवलं. वरती दिसते ती बेटकुळी. तिच्या खाली आणखी एक रुंद स्नायू असतो, थेट हाडावर बसलेला, आणि कोपर वाकवायचं निम्मं ओझं त्याच्यावर असतं. पडल्यावर तो फाटला होता. फाटलेला स्नायू रगडत राहिलं की त्यात हाड धरतं.

"चोळतं कोण?" त्याने विचारलं.

"नणंद."

"चांगली दिसते नणंद. पण तिला सांगा, आता बंद. शेकही नको, ओढणंही नको. तुमचं तुम्ही हळूहळू वाकवायचं, दुखेल तिथे थांबायचं. हे नवं हाड आधी पक्कं होईल, मग थोडं विरेलही. हात बराच परत येईल."

फ्रेमाने विचारलं, अगदी वरवर चोळलं तर?

"वरवरही नको, आई. लोणी उरलं असेल तर पायांना लावा."

त्या संध्याकाळी डुफिये आली तेव्हा फ्रेमाने दवाखान्यात गर्दी होती एवढंच सांगितलं आणि हात पुढे केला. दुसऱ्या दिवशीही केला. अंगठा खळग्यात रुतायचा तेव्हा तिला तो ढग आठवायचा. आपण काय करतोय ते तिला कळत होतं. डुफियेच्या हातांची ऊब दंडभर पसरायची आणि ती हात तसाच पुढे धरून ठेवायची.

मग एका सकाळी छातीवर रुळणारे गळ्यातले मणी सरळ करायला गेली, तर बोटं मण्यांपर्यंतही पोचेनात. संध्याकाळी तिने सांगून टाकलं.

डुफियेने फडकं पिळलं आणि ते पिळलेलंच हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे एवढे दिवस मी तुझा हात मोडत होते."

"तसं नाही म्हणत मी, वन्सं."

"मग कसं म्हणतेस?"

"चोळू नका, एवढंच. तुम्ही या. नुसत्या या."

"नुसतं येऊन काय करू? तुझं तोंड बघत बसू?" डुफिये हसली, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. तिने पाणी अंगणात ओतलं, भांडं उचललं आणि गेली.

ती पुन्हा आली नाही. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ आली, ओठ फुटले, धूळ गेली. फ्रेमा दारात बसून हात वाकवायची, दुखलं की थांबायची. पहिल्या पावसापर्यंत बोटं हनुवटीला लागली. मान थोडी खाली केली की तोंडही गाठता यायला लागलं.

एका रविवारी चर्चमधून ती सरळ डुफियेच्या अंगणात गेली. बायका भांड्याभोवती बसल्या होत्या. डुफियेने वर न बघता जागा करून दिली. फ्रेमाने उजव्या हाताने फुफूचा तुकडा तोडला, रश्शात बुडवला, मान झुकवली आणि खाल्ला. डुफिये तिच्या कोपराकडे बघत होती.

"पोचतो की."

"पोचतो."

"बरं झालं." डुफियेने माशाचा तुकडा तिच्या बाजूला सरकवला.

जेवणं झाल्यावर हात धुताना फ्रेमा हळूच म्हणाली, "संध्याकाळी या ना घरी."

"काही काम असेल तर सांग, येईन," डुफिये म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

फ्रेमा घरापर्यंत विचार करत चालली. सांगण्यासारखं एकही काम तिला सुचलं नाही.