शेवट फारच छान झालाय!

कादंबरी लिहायला मला सहा वर्षं लागली. तिच्यावरून डोकं फिरवणारे किस्से मात्र दीड महिन्यात जमले. कुणाला सांगितले नाहीत तर माझं बीपी वाढेल!

दोन-तीन प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर मी ती स्वतःच छापली. लेखिका मी, प्रकाशक मी, प्रुफं तपासणारीही मीच. पुस्तकं वाटून झाली आणि लक्षात आलं, शेवटचं प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये होतं, ते छापायला गेलंच नाही! नायिका नवऱ्याचं घर सोडून निघते, कात्रजच्या घाटात गाडी थांबवते, की थेट मागचं कव्हर.

प्रिंटरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फायनल तुम्हीच ओके केलंत. आणि कुणाची तक्रार आलीये का?"

नव्हती! म्हटलं, बघू या पहिली कुणाची येते.

*

आधी धाकटे दीर आले. "वहिनी, एका बैठकीत संपवली! शेवट तर फारच छान झालाय."

"कुठला प्रसंग आवडला?"

"तोच हो... शेवटचा!"

त्यांच्यापुढची पोह्यांची बशी उचलून न्यावीशी वाटली.

*

मेधाही माझ्यासारखीच, स्वतःची पुस्तकं स्वतः छापणारी. तिने ऑनलाइन पाच स्टार दिले, वर लिहिलं, 'अविस्मरणीय शेवट'. मी तिला फोनवर गाठलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी तुला पाच दिले, तू मला पाच दिलेस. आता वाचायचंही का?"

संताप तर आलाच. त्याहून जास्त याचा आला, की मीही तिचं वाचलं नव्हतं.

*

शनिवार पेठेतल्या एका वाचक मंडळाने चर्चा ठेवली. निवृत्त प्राध्यापक अर्धा तास 'शेवटाची अपरिहार्यता' यावर बोलले. शेवटी मला राहवेना. उठून म्हटलं, "सर, शेवट छापलाच गेला नाहीये!"

"मी तेच म्हणतोय," सर म्हणाले. "लेखिकेने तो वाचकावर सोडलाय."

टाळ्या पडल्या. मी चहा न घेता निघाले.

*

घरी येऊन नवऱ्यावर उखडले. "तू तरी वाचलंस का?"

"मला कशाला वाचायला हवं? सहा वर्षं घरात तेच चाललंय."

*

परवा दुपारी अनोळखी नंबर. "पुस्तकावर हाच नंबर हाय. मी धायरीतनं बोलतीय, ब्लाउज शिवते. एक गिऱ्हाईक पुस्तक इसरून गेलं, ते वाचलं. पुढची पानं फाटलीत का वो?"

एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत कुणालाही न दिसलेलं हिला दिसलं होतं! म्हटलं, "नाही हो, छापायचीच राहिली. चूक माझी."

"दोन दिस झाले, मशीनवर बसलं की तेच डोक्यात. गाडी थांबवली, मग म्होरं काय?"

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारत होतं. मी घाईघाईने सांगायला लागले, "अहो, मग ती खूप विचार करते, आणि परत..."

"थांबा, थांबा ताई! घरी परत जाती व्हय?"

"हो, जाते," मी म्हटलं.

"मग नका छापू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.