ओवाळायला हे हात चालत नाहीत

"तू राहू दे गं. तू किचनमध्ये बघ."

असं म्हणून मॅडमनी माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. सगळ्यांसमोर. आजी समोर खुर्चीत, निरांजन पेटलेलं, आणि ओवाळायची पाळी माझी होती.

लंडनमधल्या स्टॅनमोरचं घर. मी आजींची केअरर. दोन वर्षं रोज आंघोळ घालते, पॅड बदलते, भरवते. त्यांच्या पाठीवर तीळ कुठे आहे ते मॅडमना, त्यांच्या सुनेला, माहीत नाही, मला माहितीये. आणि खरं सांगू? मला आवडतं हे काम. म्हणजे खरंच आवडतं! इथे माझं कोणी नाही. पण सकाळी सातला कोणीतरी माझी वाट बघतंय, एवढ्यावर मी उठायचे.

त्या दिवशी आजींचं सहस्रचंद्रदर्शन. मॅडम सकाळीच म्हणाल्या, "युनिफॉर्म काढ ना. ही साडी नेस. विचारलं तर माझी भाची म्हणून सांग. आज मला मावशीच म्हण." सासूला केअरर ठेवलीये हे लोकांना कळायला नको होतं. आणि मी मूर्ख, खूश झाले! आरशात दोनदा पाहिलं.

मग एका बाईंनी विचारलं, "भाची का? आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. खरं ते.

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. जात कळली. लंडनमध्ये. दोन सेकंदांत. मॅडम हसल्या, "अगं नाही, कामाला आहे ती. आईंचं बाथरूमचं बघते." आणि तबक गेलं.

मी आजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

दहा मिनिटांत त्यांची साडी ओली झाली. "ये गं, ये लवकर!" मॅडमची हाक. आता चालले माझे हात.

बाथरूममध्ये पुसताना आजी हळूच म्हणाल्या, "मनावर नको घेऊस बाळा. देवाधर्माचं असतं."

"आणि रोज आंघोळ घालते तेव्हा, आजी?"

गप्प. तिथे फुटले मी. मॅडममुळे नाही. या गप्प बसण्यामुळे.

त्यांना बाहेर आणून बसवलं आणि मोठ्याने बोलले, "मी भाची नाहीये. मी यांची केअरर आहे. आणि चांगली आहे."

एकीचा मसालेभाताचा घास हातातच राहिला.

सोमवारी एजन्सीची मॅनेजर म्हणाली, फॅमिलीने दुसरी केअरर मागितलीये. म्हणजे आजी आता दुसरीच्या. "रिपोर्टमध्ये पर्सनॅलिटी क्लॅश टाकू?"

माझा व्हिसा याच नोकरीवर आहे. रडत होते, नाक बाहीला पुसत होते. तरी म्हटलं, "नो. जात लिहा."

तिला जात म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग बसून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने टाईप केलं. मी वाचलं. आणि खाली सही केली, पूर्ण नावाने. आडनावासकट.