मामूची होडी आणि माझ्या दोन टाक्या

पेट्रोलच्या टाकीकडून माणसाची एकच अपेक्षा असते, की ती गळू नये. मी आखलेल्या दोन्ही टाक्यांतून आजपर्यंत एक थेंबही गळलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर यावर कुणाचा विश्वास बसेल असं वाटत नाही.

त्या वर्षी मी इंटर सायन्स पास झालो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं पुढं नेमकं काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. (मलाही नव्हतं; पण मी तसं दाखवत नसे.) सुट्टीत बोटीनं कुवेतला अम्मा-बाबांकडं गेलो. तिथं नुकतेच रुपये जाऊन दिनार आले होते, आणि भेटेल तो कोकणी माणूस बाबांना एकच सल्ला देत होता, “पोराला शिकवता कशाला? इथं चिकटवा!”

बाबा मिरकाबमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर. एक दिवस जेवताना त्यांनी विषय काढलाच.

“युसुफ, आमच्या स्टोअरमध्ये एक जागा आहे. साहेब विचारत होता.”

“मला बी.एस्सी. करायचंय,” मी ताटाकडं बघत म्हणालो. (आयुष्यातली सगळी महत्त्वाची वाक्यं मी ताटाकडं बघतच बोलतो.)

“करून येतं काय?”

ताटात उत्तर नव्हतं. ते दारातून आलं. अम्माचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामू, मासळीचं पातेलं घेऊन आत शिरला होता. मामू एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, आणि सालमियाच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची छोटी इंजिनाची होडी होती.

“येतं काय म्हणजे? दुलाभाई, हा माझ्या होडीला टाक्या करून देईल!” (बहिणीच्या नवऱ्याला मामू दुलाभाई म्हणे.)

होडीला टाकीच नव्हती. पेट्रोल एका डब्यात असे, डबा होडीभर लोळत असे, आणि डब्यातली नळी निसटली की इंजिन बंद पडे. मागच्याच शुक्रवारी मामू दोन तास वल्ही मारत घरी आला होता. आता त्याला होडीच्या पोटात नीट बसतील अशा अॅल्युमिनियमच्या टाक्या हव्या होत्या.

“वेल्डिंग माझं, हिशोब याचा. कॉलेजात काय शिकलाय ते बघू तरी!”

बाबांनी हात धुतले आणि निकाल दिला. “ठीक आहे. त्या टाक्यांवर फैलका बेटापर्यंत जाऊन परत आलो, तर कॉलेज. नाही आलो, तर स्टोअर.”

अम्मानं मामूचं पातेलं घासून पुसून त्याच्या हातात दिलं. दिलं म्हणजे, आधी त्यात चिमूटभर साखर टाकली आणि मग दिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. इतर कायदे मोडले तर बाबा ओरडत. हा मोडला तर अम्मा चार दिवस बोलत नसे.

मी कामाला लागलो. कागदावर एक सुंदर चौकोनी टाकी काढली. मामूनं ती पाहिली, मग मला उचलून होडीत उभं केलं.

“दिसतंय काही चौकोनी?”

होडीचं पोट खाली निमुळतं होत गेलेलं. चौकोनी टाकी तिथं बसणं म्हणजे नारळात ट्रंक बसवणं! मग चहाची पुठ्ठ्याची खोकी फाडली, तुकडे कापून होडीच्या पोटाला टेकवून पाहिले, पुन्हा कापले. पाचव्या दिवशी पुठ्ठा बसला. डावीकडं एक आणि उजवीकडं एक, अशा दोन टाक्या ठरल्या. “तोल राहील. शिवाय एक दगावली तर दुसरी आहे!” मी म्हणालो. हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं, की मी ते तीनदा म्हणालो.

वर्कशॉपमध्ये मामूनं ज्योत पेटवली, तेव्हा मी शेजारी उभा राहून शास्त्र सांगू लागलो.

“मामू, पत्रा लाल होईपर्यंत थांब.”

“अॅल्युमिनियम लाल होत नाही रे.”

“धातू तापला की लाल होतोच. पुस्तकात आहे.”

मामू मोठ्या मनाचा माणूस. तो थांबला. पत्रा लाल झाला नाही. तो आधी होता तसाच पांढरा राहिला, आणि मग एकाएकी त्याच्या मधोमध बशीएवढं भोक पडून सगळा ऐवज मामूच्या बुटावर उतरला!

“झाला लाल?” मामूनं विचारलं. “की अजून थांबू?”

त्यानंतर मी फक्त मापं सांगितली. लाटांनी पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीच्या आत भोकांचा आडवा पत्रा, हवा यायला वर बारीक नळी, भरायला रुंद तोंड आणि त्याला फिरवून बसवायचं आट्यांचं बूच, हे सगळं मात्र माझ्या वहीप्रमाणं झालं. मामूनं सांध्यांवर साबणाचा फेस फासून आत पंपानं हवा मारली. एकही बुडबुडा नाही! मामूनं माझी पाठ थोपटली. पाठीवर साबणाचा पंजा उमटला. मी तो सदरा दोन दिवस धुवायला टाकला नाही.

गुरुवारी दुपारी टाक्या आमच्या अंगणात आल्या. शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्याच दिवशी बसवायच्या होत्या. अम्मा त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली.

“या घरात एवढं मोठं भांडं पहिल्यांदाच आलं गो बाई!”

“अम्मा, भांडं नाही. टाकी आहे.”

“आत पोकळ आहे ना? वर बूच आहे ना? मग भांडंच.”

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि टाक्यांना एकदा हात लावून आलो. (का, ते योग्य वेळी सांगेन. अजून धीर होत नाही.)

टाक्या होडीत अशा बसल्या, की जणू तिथंच जन्मल्या! खाली रबर, वरून पट्टे, आणि दोन्ही टाक्यांच्या नळ्या एका तोटीतून इंजिनाकडं. मध्ये गाळ साचायला काचेची छोटी वाटी. नमाज झाल्यावर आम्ही चौघं निघालो. अम्मानं जेवणाचा डबा घेतला होता, बाबांनी घड्याळ.

इंजिन गुरगुरलं. किनारा मागं पडला.  बाबांनी टोपी नीट केली, आणि आमच्या घरात याला कौतुक म्हणतात. मी मनातल्या मनात बी.एस्सी.च्या वर्गात जाऊन बसलो. पहिल्या बाकावर जागासुद्धा मिळाली.

तेवढ्यात इंजिन खोकलं. दोनदा खोकलं, उचकी लागल्यासारखं हललं आणि गप्प झालं.

मामूनं काचेची वाटी काढली. तळाशी पांढरे दाणे!

“क्षार!” मी उभा राहून म्हणालो. (होडीत उभं राहायचं नसतं. बाबांनी मला खाली ओढलं.) “खाऱ्या हवेचा अॅल्युमिनियमवर परिणाम होऊन क्षार तयार होतात. मामू, तुझा सांधा कुठंतरी—”

मामूनं एक दाणा जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं, थुंकला आणि शांतपणे म्हणाला, “साखर आहे.”

 मग हळूहळू सगळे अम्माकडं वळले.

“मग काय रिकामी देऊ?” अम्मा उसळली. “भावाच्या होडीसाठी नवं भांडं घरातून निघतंय, आणि मी ते तसंच देऊ? मूठभर घातली!”

“बुबू!” मामूनं कपाळाला हात लावला. (थोरल्या बहिणीला आमच्याकडं बुबू म्हणतात.) “मूठभर?”

“एवढ्या भांड्याला चिमूटभर दिसली तरी असती का?”

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी बोललो. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, ती तळाशी बसते, तिथून नळीत जाते, यावर लहानसं व्याख्यानच दिलं. मग तोटी फिरवली आणि चौथ्यांदा म्हणालो, “म्हणूनच दोन टाक्या! एक दगावली तर दुसरी आहे!”

दुसरीवर इंजिन जेमतेम चार मिनिटं चाललं.

या वेळी वाटी अर्धी भरली होती! पुन्हा सगळे अम्माकडं बघू लागले.

“माझ्याकडं काय बघताय? मी डावीत घातली. उजवीचं बूच मला उघडलंच नाही!”

बाबांनी मामूकडं पाहिलं. मामूनं कानाला हात लावला. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. तिथं ताट नव्हतं, म्हणून मी होडीच्या तळाकडं बघू लागलो.

“मला वाटलं, अम्मा विसरली असेल. उजवी हाताशी होती, तिच्यात घातली,” मी तळाला सांगितलं.

“आणि आत्ता व्याख्यान देत होता तो कोण?” मामू ओरडला. “विरघळत नाही, तळाशी बसते?”

“ते वहीत होतं, मामू. सकाळी वही जवळ नव्हती.”

“किती घातलीस?”

“चाळीस चिमटी.”

“चाळीसच का?” हा प्रश्न बाबांचा.

“पातेलं एक लिटरचं, त्याला एक चिमूट. टाकी चाळीस लिटरची. म्हणून... त्रैराशिक मांडलं.”

मामू हसता हसता वल्ह्यावर आडवा झाला. अम्माच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. मुलगा इतका शिकला तरी बिघडला नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

बाबा हसले नाहीत. “टाकी एवढी वाकडीतिकडी. चाळीस लिटर हे कशावरून?”

मी बोटानं फळीवर आकृती काढून दाखवलं. टाकीचे उभे काप कल्पायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं, सरासरी घ्यायची, लांबीनं गुणायचं. जन्मभर चौकोनी खोकी मोजलेले बाबा खाली वाकून बघत राहिले.

“भरलं किती?” त्यांनी मामूला विचारलं.

“चाळीसला पाव लिटर कमी, दुलाभाई. तेवढी जागा साखरेनं घेतली असणार!”

फैलका तर राहिलंच. दर थोड्या वेळानं इंजिन थांबे, मामू वाटी धुई, साखर समुद्रात जाई आणि अम्मा म्हणे, “जाऊ दे, दर्याचंही तोंड गोड झालं.” उरलेलं अंतर बाबांनी आणि मी वल्ही मारत कापलं. पैज मी हरलो होतो. किनाऱ्याला लागल्यावर मी स्वतःच म्हणालो, “बाबा, साहेबाला सांगा, मी येतो.”

“नको,” बाबा म्हणाले. “हजार खोकी आहेत माझ्या स्टोअरमध्ये. तू प्रत्येकाचं माप काढून त्यात साखर घालशील. तू कॉलेजातच बरा.”

एवढं बोलून त्यांनी टोपी नीट केली.

सुट्टी संपून मी बोटीवर चढलो, तेव्हा मामूनं उरलेल्या पत्र्याचा एक डबा करून हातात ठेवला. अम्मा म्हणाली, कॉलेजात पोचल्यावरच उघड. आज मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे आणि तो डबा माझ्या टेबलावर आहे. पोचल्या दिवशी उघडला, तेव्हा तळाशी साखर होती आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी, “मोजून घातली आहे.”

मी दार लावून घेतलं, डब्याचं माप काढलं आणि त्रैराशिक मांडलं. साखर दोन चिमटी कमी होती.