मामांचा उंदीर

मामा गेले, आणि आमच्या उंदराची चौकशी करणारं कोणी राहिलं नाही.

आज वर्ष झालं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. ताडकळसजवळच्या गावात जन्मभर मेंढरं राखली. मग हाताला कंप सुटला, पाय अडखळायला लागले. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन.

आणि भाची पुण्यात लॅबमध्ये त्याच आजारावर काम करणारी. मामांना वाटलं, डॉक्टर घरातच आहे.

मी डॉक्टर, पण उंदरांची.

"उंदराला कसा काय होतो हा रोग?"

"होत नाही मामा, आम्ही करतो. मेंदूच्या एका बाजूच्या पेशी मारतो. मग तो सरळ चालत नाही, गोल गोल फिरतो."

"लय पाप करायलीस बग."

हे कोण म्हणतंय, तर सगळी हयात घरातले उंदीर मारण्यात घालवलेला माणूस.

मारलेल्या पेशींच्या जागी आम्ही नव्या पेशी सोडतो, स्टेम सेल. त्या जगल्या की मेल्या, हे उंदीर जिवंत असतानाच बघायचं, हे माझं काम.

मामांना ते मी मेंढरांवरून सांगितलं. तळ्यावर दोन कळप मिसळले तर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून मामा पाठीवर गेरूच्या दोन रेघा ओढायचे. तसंच आम्ही पेशींमध्ये लोखंडाचे बारीक कण भरतो. स्कॅनमध्ये तेवढी जागा काळी दिसते.

मामा खूश. "फोटो धाड."

धाडला. मामांनी तो बाजारात दिसेल त्याला दाखवला. "हा काळा डाग बग, आपलाच हाय."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मामांच्या डोक्यात काळा डाग पडलाय. बायका मामींच्या गळ्यात पडून रडायला हजर. मामीपण रडायला लागल्या.

मामा खाटेवरून ओरडायलेत, "अगं, उंदराचं डोकं हाय ते!"

ते ऐकून, आता बोलण्यावरपण परिणाम झाला म्हणून एक जण आणखीच मोठ्यानं रडली.

पुढं प्रत्येक फोनवर आधी उंदीर, मग मी. उंदीर बदलत गेले, मामांसाठी तो एकच होता.

"सरळ चालायलाय का?"

"नाही अजून."

एका दिवाळीला गावी गेले तेव्हा चहा पिताना त्यांनी विचारलं, "मव्ह्या कामाला येईल का हे?"

खोटं बोलवेना. "नाही मामा. तुमच्या वेळेला नाही होणार."

बशीतला चहा धोतरावर सांडला. मी पुसायला उठले.

"राहू दे," मामा म्हणाले. बशी खाली ठेवून म्हणाले, "उंदराचं तेवढं कळवत जा."

मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

मग एकदा आमचं सगळंच फसलं. स्कॅनवर डाग ठसठशीत, आणि पेशी कधीच्या मेलेल्या. मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशींनी त्या खाऊन टाकल्या होत्या, लोखंड त्यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. फोनवर मला रडूच फुटलं.

"म्हंजी खूण हाय, मेंढरू न्हाई. असं व्हय?"

"व्हय."

"मग रडायलीस कामून? दुसरी खूण बग."

बघितली. आता आमच्या पेशी जिवंत असल्या तरच उजेड देतात. मेली की अंधार.

जायच्या थोडं आधी, शेवटच्या खेपेला मामांनी हट्टानं सगळ्या कळपाला स्वतः रेघा ओढल्या. मामींनी गेरूचं डबडं धरलं होतं.

मी मातीला पोचले तेव्हा मेंढरं घरामागं उभी होती. प्रत्येकाच्या पाठीवर दोन रेघा, नागमोडी, थरथरलेल्या. एकही सरळ नव्हती. तिथं मला जे रडू आलं ते आवरेना.

कातरणीची वेळ आली तशी मामी मामेभावाला म्हणाल्या, "यंदा उशिरा कातरा."

पुढं कातरली. रेघा गेल्या.

या आठवड्यात स्कॅनवर उजेड दिसला. चांगला, ठळक. मी फोन हातात घेतला, मामांचा नंबर काढला, आणि तसाच ठेवून दिला.

म्हणून इथं लिहितेय.

मामा, तुमची लय आठवण येते. आता कोणी विचारत नाही, तर मीच सांगते.

उंदीर सरळ चालायलाय.