बॉल मिलमधलं कुंकू

"लॅबमध्ये सत्त्याण्णव, प्लांटमध्ये एक्क्याऐंशी. मशीन बदललं की डोकं?" मेहता सरांनी रिपोर्ट माझ्यासमोर टाकला.

मी तलासरीला हायवेलगतच्या एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. तेव्हा प्रोबेशनवर होते. शुक्रवारी क्लायंट येणार होता. बॅच पास झाली तर मी पर्मनंट.

काही रेणूंचे दोन प्रकार असतात, डाव्या-उजव्या हातासारखे. औषधाला एकच चालतो. कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ, तोच जास्त बनवतो. शंभरातले पंचाण्णव तरी हवेत. सहसा हे सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रवात विरघळवून करतात. आम्ही कोरडी पावडर बॉल मिलमध्ये घालतो. जड डबा, आत सिरॅमिकच्या गोळ्या. डबा फिरतो, गोळ्या कुटतात. सर याला 'पीएचडीवाली चटणी' म्हणतात.

सर म्हणाले, "रमणकाकांनी डबा धुतला नसेल. त्यांच्या नावाने डेव्हिएशन टाक." डेव्हिएशन म्हणजे काय चुकलं आणि कोणामुळे, याचा कागद.

काका आमचे ऑपरेटर. "धुतला ना, बेन. नेहमीसारखा पाण्याने. दसऱ्यानंतरची पहिलीच बॅच ही."

दसरा म्हटल्यावर मला पूजेचं ताट आठवलं.

दसऱ्याला मशीनची पूजा असते. डिपार्टमेंटमध्ये बाई मी एकटी, म्हणून ताट माझ्या हातात. प्रसादाला डहाणूच्या आमच्या वाडीतले चिकू, आणि आईने दिलेलं अस्सल हळद-चुन्याचं कुंकू. "झाकणाला काय लावता, काम गोळ्या करतात," कोणीतरी म्हणालं. इंग्लिश मीडियमवाल्या मुलीने अशा वेळी वाद घालायचा नसतो. मी एकेका गोळीला कुंकू लावलं.

उरलेलं कुंकू पाण्यात कालवून पीएच पेपर बुडवला. निळा. म्हणजे अल्कली. अल्कलीनेही हीच रिॲक्शन होते, फक्त तिला डावं-उजवं कळत नाही.

चुना नुसत्या पाण्याने जात नाही, म्हणून गोळ्या सौम्य ॲसिडने धुतल्या, मग पाण्याने, वाळवल्या. नवी बॅच शहाण्णव.

डेव्हिएशनमध्ये कारण लिहिलं 'कुंकू'. व्यक्ती, मी.

सरांनी दोनदा वाचलं. "हे क्लायंटला दाखवू?"

"मागतीलच, सर."

"काकांचं नाव चाललं असतं."

"काकांनी धुतल्या. लावलं मी."

क्लायंटने बॅच पास केली आणि पूजेचे फोटो मागितले. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, एक ओळ आली: पूजा झाकणाच्या बाहेरून करावी.

देव चुका पोटात घालतो. कॅटॅलिस्ट घालत नाही.