मानवतच्या रंगाऱ्याकडे दोन पराती

मानवतला जाऊन प्रयोग करायला ऊन कडक हवं आणि गाड्या चालू हव्यात, एवढ्या दोनच अटी होत्या. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, आणि परवा बंद, असं कानावर आलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात जा." मी म्हटलं, "सर, तोवर कासमचाचांचं काम बंद पडलेलं असेल."

कासमचाचा मानवतचे रंगारी. त्यांच्या कापड रंगवायच्या हौदाचं लाल पाणी ओढ्यात जायचं, ओढ्याकाठच्या विहिरीला रंग चढला, आणि गल्लीने बजावलं, पाणी साफ करा नाहीतर हौद बुजवा. मी प्रयोगशाळेत झिंक ऑक्साईड आणि कॅडमियम सल्फाईड मिळून एक पिवळसर अर्धवाहक भुकटी केली होती. ती पाण्यात घालून उन्हात ठेवली की रंग तुटतो. निदान बीकरमध्ये तरी तुटत होता! आणि मी शहाणी, चाचांना पत्रात 'नक्की होईल' असं लिहून बसले होते.

औरंगाबादहून पहाटेची पॅसेंजर धरली. पिशवीवर विद्यापीठाचं नाव छापलेलं, म्हणून ती उलटी करून घेतली. कुठल्या नावावर कोण चिडेल, सांगता येत नव्हतं. सेलूच्या अलीकडे समोरच्या मावशींनी विचारलंच, "काय शिकायलीस गं पोरी?"

"रसायनशास्त्र."

"आन कुठं?"

"औरंगाबादला." एवढंच बोलून मी खिडकीबाहेर बघत बसले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, मानवत रोड स्टेशनपासून मानवत गाव चांगलंच लांब आहे. स्टेशनबाहेर एसटीची वाट बघत आठ आण्यांचा चहा घेतला. सोबतची भजीही गरम होती.

अकराला चाचांच्या अंगणात दोन पराती मांडल्या. दोन्हींत हौदाचं पाणी, भुकटी एकीतच. "हात लावू नका हं," असं बजावून मी परतीच्या एसटीची चौकशी करायला स्टँडवर गेले. कुणी म्हणे पाचची शेवटची, कुणी म्हणे तीही रद्द. खात्री करून यायला दोन वाजले. येऊन बघते तर पराती कडुनिंबाखाली, वर ओलं फडकं, आणि रंग जसाच्या तसा.

"चाचा, हे कुणी केलं?"

"मीच की! ऊन लय तापायलंय. तू नको म्हनलीस, पन मला ऱ्हावलं न्हाई. ओला रंग उन्हात ठिवला की उडतो, बेटी. जिंदगीत कदी ठिवला न्हाई."

"अहो, उडावा म्हणूनच तर ठेवला होता!" मला रडूच फुटलं. चाचांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग पराती पुन्हा उन्हात. चाचा स्वतः काठीने पाणी ढवळत बसले, मी घड्याळ बघत. शेजारचे चौघे येऊन उभे राहिले. साडेचारला साधी परात लालच होती, आणि भुकटीच्या परातीतला रंग जवळजवळ गेलेला. भुकटी जरा खाली बसल्यावर मी वरचं पाणी पेल्यात ओतलं.

"या अल्ला, गेला की!" चाचा पेला उजेडाकडे धरून म्हणाले. मग सगळ्यांदेखत मला विचारलं, "हे तू पेशील, बेटी?"

कॅडमियम विषारी, हे मला माहीत होतं. रंग तुटून त्याचं पुढे काय होतं, ते मी मोजलंच नव्हतं.

"नाही, चाचा."

शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. चाचांनी पेला एक थेंबही न सांडता परातीत रिकामा केला. "मंग ह्ये वढ्यात बी सोडायचं न्हाई," ते म्हणाले.

पाचची गाडी मिळाली. दोन्ही पराती डब्यांत ओतून मी परत नेल्या आणि बंदच्या आधी घरी पोचले. कॅडमियमवाचून चालणारी भुकटी पुढे जमली, पाण्यात काय उरतं ते मोजायलाही शिकले, पण तोवर हौद बुजला होता आणि चाचा परभणीला लेकीकडे गेले होते. माझ्या प्रबंधात आभारांच्या पानावर त्यांचं नाव आहे. भेटायला गेले तेव्हा त्यांनी ट्रंकेतून माझं ते पत्र काढून दाखवलं. 'नक्की होईल' हे माझ्याच अक्षरात होतं.