वर्धमान अण्णांनी गाळलेलं पान

वर्धमान खोतांना वेदगंगा केबल्सचा इतिहास लिहायला सांगणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. आता पैशाला अण्णांनी कधी हात लावला नाही, त्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. पण स्वतःची फजिती झाकायची म्हटली तर अख्खी कंपनी खिशात घालतील, असा गडी.

कंपनीला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायची ठरली. मालकांचे चिरंजीव अरिहंतसाहेब म्हणाले, "अण्णा, खरेदी खात्यात तुम्ही चौतीस वर्षं काढलीत. तुम्हीच लिहा." अण्णा "मला कुठं जमतंय" म्हणाले आणि त्याच संध्याकाळी बेळगावच्या खडेबाजारातनं शाईचं पेन घेऊन आले.

कंपनी काढली अरिहंतसाहेबांच्या वडिलांनी, देवगोंडाआप्पा मगदूमांनी. निपाणीत तंबाखूत कमावलं ते काकतीपलीकडं हायवेला टेलिफोनच्या केबलीत घातलं. बोर्ड कानडीत, कागद इंग्रजीत आणि शिव्या मराठीत, असा कारभार. लोक फोनसाठी आठ-आठ वर्षं नंबर लावून बसायचे, त्या काळात कंपनीला बाळसं आलं. मग मोबाईल निघाला. "ज्याला तार न्हाय त्याला आधार न्हाय," आप्पा म्हणाले आणि मोबाईल बुडायची वाट बघत बसले. बघता बघता तीन शेड विकाव्या लागल्या, त्यातल्या एकीचं मंगल कार्यालय झालं. उरलेल्या एका शेडीत आता काचेची केसाएवढी तार केबलीत भरतात, तीही महिन्यातनं दहा दिवस. अण्णांनी लिहिलं, 'काळाची पावले ओळखून कंपनीने आपला पसारा सुटसुटीत केला.' वा रे लेखणी!

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग अण्णा जुन्या कामगारांकडं आठवणी गोळा करायला गेले आणि घात झाला. मशीनवरचा परशराम दारातच म्हणाला, "अण्णा, ते पाट्यांचं घाला की!" नंदगडला मष्णूकडं गेले, तर तो चहा सांगायच्या आधी हसायलाच लागला. पन्नास वर्षांत लोकांच्या ध्यानात राहिलं काय, तर पाट्या.

ती भानगड अठ्ठ्याहत्तर सालची. टेलिफोन खात्याची पहिली मोठी ऑर्डर आली होती. केबलीतल्या शेकडो तारा ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक तारेवर ठरलेल्या रंगाचं प्लास्टिक चढवतात. त्यातला एक रंग पाटीसारखा राखाडी, इंग्रजीत त्याला 'स्लेट' म्हणतात. खरेदीच्या चिठ्ठीवर होतं, स्लेट, दोनशे. 'किलो' लिहायचं राहून गेलेलं. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे, बी.कॉम., आणि इंग्रजीचा तोरा असा की कुणाला काही विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले होते. अण्णांनी ताडलं, कामगारांना शिकवायचं दिसतंय. टेम्पो केला, बेळगावातनं लाकडी चौकटीच्या दोनशे पाट्या उचलल्या, वर चार डझन पेन्सिली फुकट उपटल्या आणि गेटवर छाती काढून उभे राहिले.

चार दिवसांवर तपासणी आणि राखाडी प्लास्टिकचा एक दाणा घरात नाही. मुंबईहून माल यायला पंधरा दिवस. ऑर्डर हातची जाणार म्हणून आप्पा डोकं धरून बसले. तेव्हा पुढं आली मालुबाई. खासबागची, विणकराच्या घरातली. घरी सुताच्या कांड्या भरायची, इथं बॉबिनी भरायला लागली होती. जन्म सूत रंगवण्यात गेलेला. ती म्हणाली, "पांढऱ्या दाण्यात चिमूटभर काळं घाला, आन वर नखभर निळं. निळं न्हाय घातलं तर मळकं दिसतंय." तिसऱ्या घाण्याला रंग जुळला, ऑर्डर वाचली. मालुबाईला सत्काराचा नारळ मिळाला आणि पुढची तीस वर्षं हजेरीपुस्तकात 'हेल्पर' हा हुद्दा.

आप्पा वारले. अरिहंतसाहेब अठ्ठ्याहत्तरात जन्मलेही नव्हते. पाट्यांचं त्यांना ठाऊक नाही, ही अण्णांची म्हातारपणची पुंजी.

छपाईच्या आधी मालुबाई अण्णांच्या घरी आली. "अण्णा, माझं रंगाचं तेवढं घाला बघा. सून म्हणती, आत्या, तुम्ही कंपनीत झाडलोटच करत असणार. कागदावर आलं की गप बसंल."

"घालतो की मालाक्का. तुझ्याबिगर इतिहास व्हतोय व्हय?"

अण्णा लिहायला बसले, हेही खरं. पण रंग लिहायचा तर रंग का नव्हता ते आलं, ते आलं की पाट्या आल्या, आणि पाट्यांमागनं अण्णा आलेच. दोन दिवस कागद फाडण्यात गेले. अण्णांच्या पत्नी त्रिशलाकाकू म्हणाल्या, "लिहा की सरळ. दात पडले, आता लाज कसली?" तिसऱ्या दिवशी अण्णांनी लिहिलं, 'प्रारंभीच्या तांत्रिक अडचणींवर कंपनीच्या तज्ज्ञांनी यशस्वी मात केली.' किती सुबक! एका ओळीत स्वतःची चूकही गडप आणि त्या बाईचा पराक्रमही गडप.

प्रकाशनाला अण्णांना फेटा बांधला, शाल घातली. मालुबाई ठेवणीतलं इरकल नेसून आली होती, सुनेला मुद्दाम घेऊन. सून प्रिया बँकेत नोकरीला. जेवणाच्या रांगेतच तिनं एकशे बारा पानं चाळली. नाव दिसेना. पुन्हा चाळली. मग सरळ अण्णांपुढं जाऊन उभी राहिली. शेजारीच अरिहंतसाहेब कुणाशी तरी बोलत होते.

"काका, तो राखाडी रंग आत्यांनी केलता म्हणतात. खरं व्हय?"

आता बघा, 'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. अण्णांनी फेटा सावरला. "लई जुनं झालं बाळ. बरीच माणसं होती तवा. नीट आठवत न्हाय."

मुडदा बशिवला त्या आठवणीचा! मालुबाईचं तोंड खर्रकन उतरलं. सुनेनं तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं मालुबाईला त्या नकारापेक्षा जास्त लागलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "रंग आठवायचा तर त्येंना पाट्या आठवाव्या लागत्यात."

"कसल्या पाट्या?"

"मला काय इचारतीस? इतिहास त्येंनी लिवलाय. त्येंनाच इच्यार."

आणि ती ताट घ्यायला निघून गेली. प्रिया पुस्तक उघडं धरून तिथंच उभी. अरिहंतसाहेबांचं बोलणं थांबलं, ते वळले.

"कसल्या पाट्या, अण्णा?"